करंटचा शेक : दुखणे बरे होते की झाकले जाते?

‘डॉक्टर, करंटचा शेक घेऊ का?’ हा प्रश्न मला आठवड्यातून दोन-चार वेळा तरी ऐकावा लागतो. विचारणारा बहुधा मागापुढे बारा तास उभा राहणारा यंत्रमाग कामगार असतो, नाहीतर गोदामात माल चढवणारा हमाल. कंबर महिनोन्‌महिने दुखते, गोळ्यांनी पोटात जळजळ होते, म्हणून हा मार्ग.

आपल्याकडे फिजिओथेरपीच्या सगळ्याच यंत्रांना ‘शेक’ म्हणतात. आज सांगतो ते ‘टेन्स’विषयी. त्यात उष्णता नसते. खिशात मावेल एवढी बॅटरीवरची पेटी, तिच्या वायरींना चिकटपट्ट्या. त्यांतून सौम्य विजेचे स्पंद त्वचेतून मज्जातंतूंना मिळतात आणि मुंग्या आल्यासारखे वाटते.

कोपर दाराला आपटले की आपण ते लगेच चोळतो. का? स्पर्शाची जाणीव जाड तंतूंतून जाते, वेदनेची बारीक तंतूंतून. जाड तंतू जागे झाले की मज्जारज्जूतले वेदनेचे दार काहीसे मिटते. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ साली मांडलेला हा विचार टेन्सच्या मुळाशी आहे. (प्राचीन रोममध्ये तर डोकेदुखीवर विजेचा झटका देणारा जिवंत मासा कपाळावर ठेवत! आपली पेटी पुष्कळच बरी.)

गुण येतो का? २०२२ मध्ये ३८१ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. यंत्र चालू असताना व त्यानंतर लगेच वेदना कमी होते, असे त्यात दिसले. पुढे किती टिकते, याची खात्री नाही. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१६ साली कंबरदुखीसाठी टेन्स देऊ नये असेच सांगितले. माझे मत मधले आहे. दुखणे दबलेल्या तासाभरात रुग्ण व्यायाम करणार असेल, तर यंत्र कामाचे. नुसते पडून राहायचे असेल तर पैसे वाचवा.

दुखणे दबते, यातच धोकाही आहे. एक हमाल दीड महिना कुठेतरी करंट घेऊन माझ्याकडे आला. तात्पुरते बरे वाटे. पण संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरलेले, रात्री पाठ जास्त ठणके. तपासणीत मणक्याचा क्षय निघाला. त्याची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. वेळेवर मिळाली म्हणून त्याचे पाय वाचले. कंबरदुखीबरोबर पायातली ताकद गेली, लघवी-शौचावरचा ताबा सुटला किंवा बैठकीची जागा बधिर झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

पेसमेकर असलेल्यांनी हे यंत्र लावू नये. गरोदर स्त्रिया व फेफऱ्याचे रुग्ण यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. छाती, गळ्याची पुढची बाजू, डोळे आणि जखमेवर पट्टी नको. मधुमेहाने पाय बधिर झाले असतील तर तिथेही नको, कारण कातडी भाजली तरी कळत नाही. छातीत कळ येऊन डाव्या हातात उतरत असेल, तर आधी ईसीजी.

सुरुवात अर्ध्या तासाने करा. मुंग्या स्पष्ट जाणवाव्यात, पण झोंबू नयेत. पट्टी लावताना व काढताना यंत्र बंद ठेवा, आणि ते लावून झोपू नका. विकत घेण्यापूर्वी फिजिओथेरपिस्टकडे चार-पाच वेळा घेऊन पाहा. तेवढ्यात फरक पडला नाही, तर दुकानात जायची गरज नाही.