जुलमाचा अंमल संपल्यावर न्याय कसा व्हावा?



जुलमाचा अंमल संपला की लोक म्हणतात, "झाले गेले गंगेला मिळाले." परंतु गेलेली जमीन सावकाराच्याच नावावर राहिली व वेठीची मजुरी बुडालेलीच राहिली, तर गंगेला मिळाले तरी काय? अशा वेळी न्याय कसा करावा, हा विषय आम्ही आज अभ्यासासाठी घेतला आहे. उदाहरण दूर शोधावयास नको; ते आपल्या डोळखांबाच्या मुलखातच आहे.

१. जुलूम कोणता होता?
ठाणे जिल्ह्यात (२०१४ पर्यंत आजचा पालघर जिल्हाही त्यातच होता) वारली, कातकरी इत्यादी लोक जमीनदार व सावकार यांची वेठ करीत. लग्नासाठी थोडे पैसे उचलले की तो मनुष्य, व पुढे त्याची बायकोही, धन्याच्या घरी राबत असे. त्यास लग्नगडी म्हणत. वर्षानुवर्षे कर्ज फिटत नसे. कारण हिशोबाची वही एकाच्याच हाती असे.

२. सत्य उघड होणे.
१९३७ नंतर मुंबई सरकारने डी. सिमिंग्टन या अधिकाऱ्याकडून आदिवासींच्या स्थितीची चौकशी करविली. त्यांच्या अहवालात वेठ व लग्नगडी यांची नोंद झाली. सत्य कागदावर आले, तथापि वेठ थांबली नाही. मे १९४५ मध्ये उंबरगाव तालुक्यात झरी येथे किसान सभेची परिषद भरली, आणि शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या पुढारीपणाखाली वारल्यांनी वेठ नाकारली. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मेले. यावरून दिसते की नुसती चौकशी पुरत नाही. ज्यांवर अन्याय झाला त्यांनी उभे राहावे लागते.

३. बंध तुटणे.
१९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने असे प्रत्येक कर्ज रद्द झाले. वेठबिगार ठेवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. शिवाय, हे वेठीचे कर्ज नव्हे, असे शाबीत करण्याचा भार धनकोवर आहे. एकाच हाती असलेल्या वहीला हे योग्य उत्तर होय.

४. गेलेले परत देणे.
जक्कयाची गोष्ट आपणांस ठाऊक आहे. तो शब्दांवर थांबला नाही. अन्यायाने घेतलेले चौपट परत देण्यास तो सिद्ध झाला. आपल्या राज्यात १९७४ च्या कायद्याने, १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर-आदिवासींकडे गेलेल्या आदिवासींच्या जमिनी परत देण्याची तरतूद झाली. मात्र परत घेणाऱ्याने जमीन स्वतः कसण्याची हमी द्यावी आणि शेतसाऱ्याच्या ४८ पट रक्कम व सुधारणांची किंमत भरावी, असे ठरले. म्हणजे चौपट तर दूरच, ज्याचे गेले त्यालाच काही द्यावे लागे. तरीही गेलेली जमीन परत मागता येते, हे तत्त्व कायद्यात आले, ही लहान गोष्ट नव्हे.

५. कबुली.
२००६ च्या वनहक्क कायद्याच्या प्रस्तावनेत वननिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाल्याचे सरकारने स्वतः लिहून दिले. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जी वनजमीन आदिवासींच्या ताब्यात आहे, तिचा चार हेक्टरांपर्यंत हक्क मागता येतो. दाव्याचा आरंभ ग्रामसभेत होतो, आणि वृद्धांचे लिहून घेतलेले जबाबही पुराव्यात धरतात. ज्यांचे म्हणणे कचेरीत कोणी ऐकत नसे, त्यांचे शब्द आता पुरावा झाले आहेत.

जगातील इतर देशांनी दुसरे मार्ग धरले. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाचे राज्य गेल्यावर १९९५ च्या कायद्याने सत्य व समेट आयोग नेमला गेला. आर्चबिशप डेस्मंड टुटू त्याचे अध्यक्ष होते. राजकीय हेतूने केलेला गुन्हा जो संपूर्ण सांगेल, त्यास माफी मिळू शके. परंतु पीडितांना ३०,००० रँडची एकरकमी भरपाई सरकारने २००३ साली जाहीर केली. आयोगाचा मुख्य अहवाल तर १९९८ सालीच आला होता. तेथे कबुली पुष्कळ झाली व भरपाई मागे राहिली. आपल्याकडे कायदे झाले, पण गुन्हा करणाऱ्यांना सर्वांसमोर बसवून त्यांची कबुली ऐकणारा असा आयोग झाला नाही. एकाने दुसऱ्याची उणीव भरत नाही; दोन्ही पाहिजेत.

उपदेशकांनी काय करावे?
वेठ सरली असे समजू नये. वीटभट्टीची उचल फिटेना म्हणून मजुरास अडवून ठेवले, तर तीही वेठच. त्यास नव्या कागदावर अंगठा करू देऊ नये. तहसीलदार किंवा जिल्हाधिकारी यांच्याकडे लेखी अर्ज करावा. वनहक्काचा दावा उपविभागीय समितीने फेटाळला, तर साठ दिवसांच्या आत जिल्हा समितीकडे दाद मागता येते. आणि वाडीतील वृद्धांच्या आठवणी ते हयात आहेत तोवर लिहून ठेवाव्यात.

विचारासाठी प्रश्न
१. सत्य लिहिले गेले असताही वेठ का चालू राहिली?
२. परत दिल्यावाचून समेट होऊ शकेल काय?
३. आपल्या वाडीत उचलीपायी अडकलेले कोणी आहे काय?