घटक ४ : विद्यार्थी वाङ्मय मंडळाची स्थापना आणि त्याचा लेखनव्यवहार

४.० उद्दिष्टे

विद्यार्थी मित्रहो, या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हांला
• वाङ्मय मंडळाची आवश्यकता स्पष्ट करता येईल.
• मंडळाचा उद्देश नेमक्या शब्दांत लिहिता येईल.
• बैठकीची सूचना, कार्यसूची, नियमावली व इतिवृत्त तयार करता येईल.
• मंडळाचे सातत्य कशावर अवलंबून असते, हे सांगता येईल.

४.१ प्रास्ताविक

मागील घटकांत आपण कार्यालयीन पत्रव्यवहाराचा परिचय करून घेतला. प्रस्तुत घटकात आपण संस्थेच्या लेखनव्यवहाराचा विचार करणार आहोत. त्यासाठी तुमच्या जवळचेच उदाहरण घेतले आहे : अभ्यासकेंद्रावर नव्याने सुरू होणारे वाङ्मय मंडळ.

मुक्त विद्यापीठाचा विद्यार्थी बहुतांशी एकट्याने शिकतो. नोकरी, शेती किंवा घरकाम आटोपल्यावर तो पुस्तक उघडतो. संपर्कसत्रे मोजकी असतात. संमंत्रकांना शंका विचारता येतात; पण वाचलेल्या कादंबरीविषयी सहाध्यायाशी तासभर वाद घालण्यास तेथे सवड नसते. साहित्याचा अभ्यास मात्र अशा वादावाचून अपुरा राहतो. कवितेचा आपल्याला लागलेला अर्थ दुसऱ्याला पटवून देऊ लागल्यावरच त्यातील कच्चे दुवे ध्यानात येतात. शिवाय, एकट्याने शिकणाऱ्याचा उत्साह मावळला तर ते कोणाच्या लक्षातही येत नाही. मंडळातील एक खुर्ची रिकामी राहिली, तर विचारणा होते. म्हणून दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्याला मंडळ ही हौस नसून अभ्यासाची गरज आहे.

४.२ पूर्वपीठिका : १८४८ मधील एक मंडळ

विद्यार्थ्यांनी मंडळ स्थापन करण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. १८४८ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेतील प्राध्यापक व विद्यार्थी यांनी ‘स्टूडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन केली. दादाभाई नौरोजी हे तिच्या प्रमुख कार्यकर्त्यांपैकी एक होते. साहित्य, विज्ञान व समाज या विषयांवर निबंध वाचावेत आणि त्यांवर चर्चा करावी, हे तिचे मूळ काम होते.

या मंडळाच्या दोन गोष्टी आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पहिली गोष्ट भाषेची. इंग्रजीत वाचलेला निबंध मूठभरांनाच कळणार, हे उघड होते. मराठी आणि गुजराती भाषांसाठी ज्ञानप्रसारक सभा या नावाने स्वतंत्र शाखा निघाल्या. मराठी शाखेतील निबंधांना ‘मराठी ज्ञानप्रसारक’ या मासिकाने १८५० पासून छापील रूप दिले. जे बोलले गेले ते लिहून ठेवले गेले, म्हणूनच ते सभागृहाबाहेर पोहोचले.

दुसरी गोष्ट कृतीची. १८४९ मध्ये या मंडळाच्या सदस्यांनी मुलींसाठी शाळा सुरू केल्या आणि प्रारंभी स्वतःच विनावेतन शिकविले. स्त्रीशिक्षणाला तीव्र विरोध असण्याच्या काळात हे घडले, हे लक्षात घ्यावे. चर्चेतून निश्चित कामाची जबाबदारी निघाली, तेव्हाच मंडळ चर्चेच्या पुढे गेले.

४.३ उद्देश निश्चित करणे

नव्या मंडळाचा पहिला लेख म्हणजे त्याचा उद्देश. पुढील दोन वाक्यांची तुलना करा.

(अ) मराठी भाषेचे संवर्धन करून विद्यार्थ्यांचा सर्वांगीण विकास साधणे.
(आ) अभ्यासक्रमातील एका साहित्यकृतीचे दरमहा वाचन व चर्चा करणे आणि सदस्यांचे लेखन वर्षातून दोनदा भित्तिपत्रकातून प्रसिद्ध करणे.

पहिले वाक्य भारदस्त आहे; परंतु वर्षअखेरीस ते साध्य झाले की नाही, हे कोणालाच सांगता येणार नाही. दुसऱ्या वाक्याची पडताळणी करता येते. बारा महिन्यांत किती चर्चा झाल्या, भित्तिपत्रक किती वेळा निघाले, हे मोजता येते. उद्देश मोठा असण्यापेक्षा तपासता येण्याजोगा असावा. केवळ २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, हार-तुऱ्यांचा कार्यक्रम करून वर्षभर स्वस्थ राहणारी मंडळे बहुधा (अ) प्रकारच्या उद्देशावर उभी असतात.

४.४ स्थापनेची बैठक

प्रथम केंद्रसंयोजकांना लेखी अर्ज करून जागेची व वेळेची परवानगी घ्यावी. बैठक संपर्कसत्राच्या दिवशीच ठेवावी. दूरच्या गावाहून येणाऱ्यास दुसरी खेप परवडत नाही. बैठकीच्या सूचनेत दिनांक, वेळ, स्थळ व कार्यसूची या चारही गोष्टी असाव्यात. कार्यसूची म्हणजे चर्चेला घ्यावयाच्या विषयांची क्रमवार यादी. पहिल्या बैठकीसाठी ती अशी असू शकेल :

१. मंडळाचे नाव व उद्देश
२. नियमावलीचा मसुदा
३. पदाधिकाऱ्यांची निवड
४. पहिल्या चर्चेचा विषय व दिनांक
५. अध्यक्षांच्या अनुमतीने येणारे अन्य विषय

चौथा विषय विसरू नये. पुढील भेट न ठरविता उठलेली बैठक बहुधा शेवटची ठरते.

४.५ नियमावली

नियमावली संक्षिप्त असावी. सदस्यत्व कोणाला, वर्गणी किती, पदाधिकारी कोण व त्यांची मुदत किती, गणपूर्ती किती, हिशेब कोणी ठेवावा, एवढे पुरेसे आहे. गणपूर्ती म्हणजे बैठक वैध ठरण्यासाठी आवश्यक असलेली किमान उपस्थिती. ती आवाक्यातील ठेवावी, अन्यथा प्रत्येक बैठक तहकूब करावी लागेल. वर्गणी घेतल्यास पावती द्यावी आणि खर्चाचा तपशील सदस्यांपुढे ठेवावा. थोड्या पैशांवरूनही मोठे गैरसमज होतात.

पदाधिकाऱ्यांची मुदत एक वर्ष असावी आणि कार्यवाहासोबत कनिष्ठ वर्षातील सहकार्यवाह अवश्य निवडावा. कारण पदवी मिळाली की संस्थापक निघून जातात. काम शिकलेला कोणी मागे नसेल, तर मंडळही त्यांच्याबरोबर जाते.

४.६ इतिवृत्त

इतिवृत्त म्हणजे बैठकीतील निर्णयांची अधिकृत नोंद. त्यात कोण काय बोलले यापेक्षा काय ठरले, कोणी करावयाचे व केव्हापर्यंत, हे महत्त्वाचे असते.

सदोष नोंद : भित्तिपत्रकाविषयी उत्साहाने चर्चा झाली. सर्वांनी सहकार्य करावे असे ठरले.

निर्दोष नोंद : ठराव क्र. २ : मंडळाचे पहिले भित्तिपत्रक १५ ऑगस्ट रोजी लावण्यात यावे. लेखन स्वीकारण्याची मुदत ३१ जुलै. संपादनाची जबाबदारी सहकार्यवाहांकडे. सूचक : ........ अनुमोदक : ........ ठराव सर्वानुमते संमत.

पहिल्या नोंदीत ‘सर्वांनी’ हा शब्द आहे. त्यामुळे जबाबदारी कोणाचीच राहत नाही. दुसरी नोंद बैठकीस अनुपस्थित असलेल्या सदस्यालाही पुरेशी माहिती देते. इतिवृत्त भूतकाळात, अलंकार टाळून व शक्यतो त्याच आठवड्यात लिहावे. पुढील बैठकीत ते वाचून कायम केल्यावर अध्यक्षांनी त्यावर स्वाक्षरी करावी.

४.७ सातत्य

मंडळाची खरी परीक्षा उद्घाटनाच्या दिवशी होत नाही. ती दुसऱ्या वर्षी होते. पहिल्या बैठकीला वीस जण आणि तिसऱ्या बैठकीला सहा जण येणे स्वाभाविक आहे. अशा वेळी कार्यक्रम भव्य करण्याचा मोह टाळावा. सहा जणांनी ठरलेल्या दिवशी ठरलेली कथा वाचली, चर्चा केली आणि नोंद ठेवली, तर मंडळ चालू आहे असेच म्हणावे लागेल. नव्याने आलेल्या सातव्या विद्यार्थ्याच्या हाती ती नोंदवही देता येते. तिच्यातून त्याला आधीचे काम कळते आणि पुढचे काम सुचते.

४.८ सारांश

उत्साहातून मंडळ जन्माला येते. पण टिकते ते नियमित कामावर आणि चोख नोंदींवर. तपासता येणारा उद्देश, आटोपशीर नियमावली, जबाबदारी निश्चित करणारे इतिवृत्त आणि कनिष्ठ सहकाऱ्याची तयारी या चार गोष्टी संस्थापकांच्या पश्चातही मंडळ चालू ठेवतात.

४.९ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. कार्यसूची व इतिवृत्त यांतील फरक दोन वाक्यांत लिहा.
२. गणपूर्ती आवाक्यातील का असावी?
३. १८४८ च्या मंडळाने मातृभाषेतील शाखा काढण्याचे महत्त्व स्पष्ट करा.

४.१० स्वाध्याय

तुमच्या अभ्यासकेंद्रावर वाङ्मय मंडळ नसल्यास त्याच्या स्थापनेच्या बैठकीची सूचना व कार्यसूची तयार करा. मंडळ असल्यास त्याच्या मागील बैठकीचे इतिवृत्त मिळवा, त्यातील संदिग्ध वाक्ये अधोरेखित करा आणि ती नेमक्या शब्दांत पुन्हा लिहा. तुमचे लेखन पुढील संपर्कसत्रात किमान एका सहाध्यायाला वाचून दाखवा. मंडळाची पहिली चर्चा तेथूनही सुरू होऊ शकेल.