माचा व इतर विशेष चहा : रसपरीक्षण आणि कल्पनाविचार

प्रास्ताविक

"डॉक्टर, साधा चहा सोडला, आता माचा घेते, तो तर औषधीच ना?" हा प्रश्न गेल्या काही वर्षांत चिकित्सालयात वारंवार ऐकू येतो. टपरीवरच्या उकळी चहाचे माहेर असलेल्या नागपुरातही आता संत्रा, गुलाब, पुदिना, वेलची अशा स्वादांचा हिरवा माचा कॅफेत मिळतो आणि त्याची पाकिटे घरोघरी पोहोचली आहेत. संहिताकाळी चहा आपल्याकडे परिचित नव्हता, म्हणून संहितांत त्याचे गुणकर्म नाही. काही अर्वाचीन ग्रंथांत 'श्यामपर्णी' हे नाव भेटते, पण माचाचा विचार तेथेही नाही. ग्रंथात नाव नाही एवढ्यावरून वैद्याने गप्प बसणे योग्य नव्हे. अनुक्त द्रव्याची परीक्षा कशी करावी हे शास्त्राने सांगितलेलेच आहे. प्रस्तुत लेखात त्या रीतीने माचाचा विचार केला असून इतर विशेष चहांना ओघाने स्पर्श केला आहे.

पाच रस की सहा?

माचा आणि साधा चहा यांची वनस्पती एकच, कॅमेलिया सायनेन्सिस. भेद आहे तो संस्कारात. तोडणीपूर्वी सुमारे तीन आठवडे झाडांवर सावली धरतात. सूर्यप्रकाश रोखल्याने पानातील थिॲनिन हे अमिनो आम्ल टिकून राहते, त्याचे कॅटेचिनात होणारे रूपांतर मंदावते आणि हरितद्रव्य वाढते. मग पाने वाफवून, वाळवून, त्यांतील देठ व शिरा काढून दगडी जात्यावर अतिसूक्ष्म दळतात. जपानमधील उजी व निशिओ ही यासाठी नावाजलेली ठिकाणे आहेत.

चहाचे चूर्ण घुसळून पिण्याची रीत मूळची चीनमधील सोंग काळातली. एइसाइ हा बौद्ध भिक्षू ११९१ मध्ये चीनहून जपानला परतला आणि त्याने ती तेथे रुजवली. १२११ मध्ये त्याने चहाच्या आरोग्यगुणांवर 'किस्सा योजोकी' हा ग्रंथ लिहिला. १२१४ मध्ये मद्यपानाने त्रस्त झालेल्या शोगुन सानेतोमोला त्याने चहा दिला अशीही नोंद आहे. त्याचा युक्तिवाद आपल्याला रोचक वाटावा असा आहे. चिनी परंपरेनुसार तो पाच रस पाच अवयवांशी जोडतो: यकृताला आंबट, फुप्फुसाला तिखट, हृदयाला कडू, प्लीहेला गोड व वृक्काला खारट. जपानी आहारात कडू रस नाही, म्हणून तेथे हृदय दुर्बल राहते आणि चहा ती उणीव भरून काढतो, असे त्याचे प्रतिपादन.

या मांडणीत सहावा रस नाही. तिच्यात चहा केवळ 'कडू' ठरतो. आपली जीभ मात्र त्यात तिक्त आणि कषाय असे दोन रस वेगळे करते. हा भेद चिकित्सेच्या दृष्टीने मोठा आहे. तिक्त रस दीपन-पाचन, तर कषाय स्तंभन, ग्राही आणि वातकर. 'चहा पित्त-कफाला चांगला' असे सरसकट सांगणाऱ्याने कपातील कषायाचे मोजमाप केलेले नसते.

फांट, हिम की मंथ?

कल्पना ठरवल्याशिवाय मात्रा ठरत नाही. शार्ङ्गधरोक्त फांटात एक पल कुटलेल्या द्रव्यावर एक कुडव उष्ण जल घालून, थोडा वेळ ठेवून वस्त्राने गाळतात. हिमात सहापट थंड पाण्यात द्रव्य रात्रभर भिजवतात. पानांचा हिरवा चहा हा सौम्य प्रमाणातील फांटच होय. व्यावसायिक चहापरीक्षणाच्या आंतरराष्ट्रीय मानकात १०० मिलिलिटर पाण्यास २ ग्रॅम चहा घेतात, म्हणजे प्रमाण १:५० पडते. दोन्ही कल्पनांत एक गोष्ट समान आहे: पाण्यात उतरले तेवढेच पोटात जाते, चोथा टाकून दिला जातो.

माचात चोथा नाही. चूर्ण पाण्यात घुसळून सगळेच प्यायले जाते. ग्रंथोक्त कल्पनांपैकी त्याला सर्वांत जवळची म्हणजे मंथ: चार पल शीत जलात एक पल चूर्ण घालून मृत्पात्रात घुसळावे आणि दोन पल प्यावे. पातळ माचात सुमारे ७० मिलिलिटर पाण्यास २ ग्रॅम, तर जपानी विधीतील दाट माचात ४० मिलिलिटरला ४ ग्रॅम चूर्ण असते. दोन ग्रॅममध्ये प्रतीनुसार साधारण ४० ते ८० मिलिग्रॅम कॅफिन येते.

यातून निघणारी गोष्ट व्यवहारात फार उपयोगी आहे. पानांचा चहा थंड पाण्यात हिमविधीने केला तर कॅफिन व कषाय द्रव्ये कमी उतरतात आणि पेय खरोखरच सौम्य होते. माचा थंड पाण्यात घुसळला तर तो फक्त सौम्य लागतो. मात्रा तीच राहते. ग्रीष्मात शीत, सशर्कर मंथ चरकांनी सांगितला आहे, पण त्याचा आधार घेऊन वैशाखात बर्फ घातलेला माचा पथ्यकर ठरवता येणार नाही. तो रूपाने मंथ असला तरी द्रव्याने रूक्ष व निद्रानाशक आहे. आपल्या उन्हाळ्यात सातूचे पीठ, पन्हे आणि वाळ्याचे पाणी यांना हटवण्याइतके त्याचे काही मोठेपण आम्हांस दिसत नाही.

रसपरीक्षण

रस जिभेशी संयोग होताच कळतो, विपाक शेवटी कर्मावरून कळतो आणि वीर्य शरीरातील वास व संयोग या दोहोंवरून. चरकांचा हा क्रम चहाच्या कपालाही लागू पडतो. परीक्षण जेवणानंतर दीड-दोन तासांनी, तोंड धुऊन करावे. खर्रा किंवा सुपारी खाणाऱ्याला यात घेऊ नये. सुपारी स्वतःच कषाय असल्याने त्याच्या जिभेची कषायाची जाण बोथट झालेली असते. विदर्भात ही सूचना अनावश्यक समजू नये.

एकाच माचाचे तीन पेले करावेत: पहिला साधारण ७५ अंश सेल्सियस पाण्यात, दुसरा उकळत्या पाण्यात, तिसरा गार पाण्यात. प्रत्येकात १ ग्रॅम चूर्ण व ६० मिलिलिटर पाणी घ्यावे. दूध, साखर काही नको. चांगल्या चूर्णाचा रंग टवटवीत हिरवा असतो. पिवळट किंवा शेवाळी रंग जुनेपणा अथवा उन्हाची झळ सांगतो. नागपूरच्या उन्हाळ्यात उघडे पाकीट ओट्यावर ठेवले की हा बदल लवकर होतो, म्हणून ते हवाबंद डब्यात घालून शीतकपाटात ठेवावे.

घोट तोंडात दहा अंक मोजेपर्यंत धरावा. प्रथम मधुर रस जाणवतो आणि त्याच्यासोबत डाळीच्या कढणासारखी एक भरीव चव येते. इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १९०८ मध्ये तिला 'उमामी' म्हटले. ती सातवा रस मानण्याची गरज नाही. लवणानुरस असलेला मधुर असे तिचे वर्णन पुरेसे आहे, असे आमचे मत. त्यानंतर तिक्त येतो आणि सर्वांत शेवटी, घोट गिळल्यावर, कषाय. तिक्त आणि कषाय दोन्ही मुखवैशद्य करतात, त्यामुळे नवशिका गोंधळतो. ओळख अशी की कषायाने जीभ जड होते, गालांची आतली बाजू आवळते, कंठ बांधल्यासारखा होतो. आधुनिक शास्त्रही तुरटपणाला लाळेतील प्रथिनांशी कषाय द्रव्ये बांधली गेल्याने होणारी स्पर्शसंवेदना मानते.

उकळत्या पाण्याच्या पेल्यात तिक्त-कषाय प्रबळ होऊन मधुर झाकला जातो, तर गार पेल्यात मधुर पुढे येतो. विद्यार्थ्यांना हे तीन पेले एकदा चाखवले की कल्पनेने रस कसा पालटतो हे पुन्हा सांगावे लागत नाही.

पाककृती आणि स्वाद

चूर्ण बारीक चाळणीने चाळावे, नाहीतर गुठळ्या राहतात. आधी चमचाभर साध्या पाण्यात त्याची पेस्ट करावी, मग गरम पाणी घालून बांबूच्या रवीसारख्या घुसळणीने फेस येईपर्यंत घुसळावे. तापमापक नसेल तर उकळलेले पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात दोन-तीनदा ओतावे, पुरेसे उतरते.

स्वाद द्यायचाच तर घरी द्यावा. कफप्रधान व्यक्तीस चिमूटभर सुंठ, पित्तप्रधानास वेलची किंवा गुलाबपाकळ्या. नागपूरकरांस संत्र्याचा मोह होणारच. सालीचा स्वाद घ्यावा, पण बाजारातील संत्र्यांवर पुष्कळदा मेणाचा थर असतो, म्हणून साल ओळखीच्या बागेतील फळाची, स्वच्छ धुऊन सावलीत वाळवलेली असावी. माचाच्या दुधात संत्र्याचा रस घालण्याची रीत मात्र सोडावी. दूध आणि अम्ल फळे यांचे विरुद्धत्व आपणांस नव्याने सांगायला नको. मधाचेही तसेच. उष्ण पेयात मध घालणे शास्त्रसंमत नाही. पेय चांगले निवल्यावरच तो घालावा, तोही प्रक्षेपाच्या रीतीने, कफात अधिक व वातात अल्प. साखरेचे प्रमाण याच्या उलट असते.

तयार स्वादयुक्त पाकिटांविषयी आमचा आक्षेप वेगळा आहे. तिक्त-कषाय रस हा जिभेचा पहारेकरी आहे. तो असतो म्हणून मनुष्य एका पेल्यावर थांबतो. साखर, दूधभुकटी आणि कृत्रिम स्वाद यांनी तो झाकला की तिसरा-चौथा पेलाही सहज जातो आणि मात्रा कोणाच्या लक्षात येत नाही. पाकिटावरील घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. साखर पहिली असेल तर ती वस्तू साखरच समजावी आणि प्रमेही रुग्णास तसे स्पष्ट सांगावे. घरगुती परीक्षाही सोपी आहे: गार पाण्यात ढवळून पेला स्थिर ठेवला की माचा तळाशी बसतो, साखर विरघळून वरच्या पाण्याला गोड करते.

इतर प्रकारांचे थोडक्यात. दार्जिलिंगच्या पहिल्या बहराचा चहा सुगंधी व हलका असतो, तो दुधाशिवाय घ्यावा. चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात शिनह्वेची हिरवी संत्री पोखरून त्यांत पुअर चहा भरून वाळवतात. आपल्या आंबिया बहराच्या फळावर असा प्रयोग कोणी सदस्याने करून पाहावा असे सुचवतो. लाल अंबाडीच्या बोंडांचे पेय अम्ल आहे, त्यात दूध नको. गवती चहा, अंबाडी, तुळस यांच्यात चहाची वनस्पती नाहीच. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने डिसेंबर २०२५ मध्ये अशा पेयांना 'चहा' म्हणू नये असे स्पष्ट केले. आपल्यापाशी 'फांट' हा नेमका शब्द असताना ही अडचण आपल्याला मुळीच नाही.

पांडुरोगी आणि माचा

सर्वांत महत्त्वाचा भाग हा. आपल्याकडे येणाऱ्या स्त्रियांत पांडुरोग किती आढळतो हे प्रत्येक चिकित्सक जाणतो. चहातील कषाय द्रव्ये वनस्पतिजन्य आहारातील व औषधातील लोहाचे शोषण कमी करतात. सकाळी लोहकल्प आणि त्यावर लगेच 'आरोग्यदायी' माचा, असा क्रम आमच्या पाहण्यात अनेकदा येतो. मग औषध लागू पडत नाही अशी तक्रार होते आणि दोष मंडुराला दिला जातो.

यावर आक्षेप निघेल की नवायस चूर्णात कषायप्रधान त्रिफळा आहेच. खरे आहे. परंतु तेथे आमलकीचा अम्ल रस सोबत आहे, त्रिकटू, चित्रक व विडंग अग्नी प्रदीप्त करतात आणि मधु-घृताचे अनुपान आहे. मंडूर वटकास तक्र सांगितले आहे. योगातील संस्कारित कषाय आणि वरून ओतलेला कषाय यांना एका मापाने मोजता येत नाही.

म्हणून पांडुरोग्यास लोहकल्प व कोणताही चहा यांत किमान दोन तासांचे अंतर सांगावे, जेवणाबरोबर चहा बंद करावा. गर्भिणीने दिवसभरात सर्व मिळून २०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक कॅफिन घेऊ नये अशी युरोपीय अन्न सुरक्षा संस्थेची २०१५ ची मर्यादा आहे. आमच्या मते तिने माचा टाळलेलाच बरा. अनिद्रा, हृद्द्रव, विबंध आणि कृश वातप्रकृती यांत तो देऊ नये. स्थूल, कफप्रधान, निरोगी व्यक्तीस सकाळी १ ग्रॅम, अन्न जिरल्यावर, पुरे. हिरव्या चहाच्या अर्काच्या गोळ्या हा याहून निराळा विषय आहे. त्याच संस्थेने २०१८ मध्ये पूरकांतून दररोज ८०० मिलिग्रॅम वा अधिक ईजीसीजी घेणाऱ्यांत यकृतविकाराची चिन्हे दिसत असल्याचे नोंदवले. कामलेच्या रुग्णाचा इतिहास घेताना वजन कमी करण्यासाठी अशा गोळ्या चालू आहेत का, हे विचारून केसपेपरवर लिहून ठेवावे.