अर्जात काळी माती वर घे

कळंब,
रविवार दुपार

चि. माई,

फेलोशिपच्या अर्जाचा मसुदा व्हॉट्सॲपवर मिळाला. सुरुवातीला होमी भाभा, मग देशसेवा, मग लहानपणापासूनचं विज्ञानाचं वेड. लहानपणी तुला येरमाळ्याच्या यात्रेतल्या पाळण्याचं वेड होतं, बाकी कशाचं नाही. ते तिन्ही परिच्छेद काढून टाक. तपासणाऱ्याने भाभा शंभर अर्जांत वाचलेले असतात.

तुझं खरं काम तू शेवटी दोन ओळींत उरकलंयस. आपल्या रानातली काळी माती डब्यात भरून, तिच्यातून सीझियम-१३७ चे गॅमा किरण सोडून, पलीकडे किती पोचतात ते मोजलंस. कोरड्या मातीतून आणि ओल्या मातीतूनही. हे सगळ्यात वर यायला हवं. थर किती जाड होता, ओलावा कसा काढलास, मोजणी किती वेळ चालली, ते लिही. आणि आकड्यापुढे अधिक-उणे लिही बाई! दहा हजार मोजले तर शंभराची चूक धरायची, हे तुला झोपेतही येतं, पण मसुद्यात नुसते आकडे उघडे टाकलेत.

मुलाखतीत खोदून विचारतील. काळ्या मातीऐवजी नदीची वाळू घेतली असती तर? सीझियमच्या ६६२ केईव्हीला कॉम्प्टन विकिरणाचंच राज्य असतं, म्हणून दोन्हींचा वस्तुमान-क्षीणन गुणांक ०.०७७ च्या आसपासच येतो. पाण्याचा मात्र ०.०८६, हायड्रोजनमुळे. इथवर तू सांगशील. पुढचा प्रश्न अवघड आहे: काळी माती भिजली की फुगते, मग डब्यातली घनता तीच राहिली का? तुझ्या मसुद्यात याचा पत्ता नाही. उत्तर नसेल तर ‘हे मी मोजलं नाही’ असं सरळ सांग. थापा त्यांना लगेच कळतात.

मला कळलं ते फार उशिरा. माझ्या तरुणपणी एका मुलाखतीत मी केंद्रकाचं शेल मॉडेल घडाघडा म्हणून दाखवलं. समोरच्या गृहस्थांनी शांतपणे विचारलं, तुमच्या प्रयोगशाळेतली जीएम ट्यूब किती व्होल्टला चालते? दोन वर्षं मी तिचं बटण फिरवत होतो. आकडा आठवेना. चहा देऊन त्यांनी मला निरोप दिला.

आता पैशाचं. आक्काला वाटतंय की निवड झाली म्हणजे तू ‘शास्त्रज्ञ’ लागलीस. तिला नीट समजावून सांग. भाभा अणुसंशोधन केंद्राचं १९५७ पासूनचं ट्रेनिंग स्कूल वेगळं, तिथून नोकरीची वाट आहे. तू भरतेयस ती संशोधनाची फेलोशिप. २०२३ पासून महिना ३७,००० रुपये, दोन वर्षांनी ४२,०००, वर घरभाडं. होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूटची पीएच.डी. मिळेल, पण पुढे नोकरी शोधावीच लागेल. मला विचारशील तर दोन्हीकडे अर्ज कर. मात्र दोन्हीकडे तोच मजकूर चिकटवू नकोस.

कागदांचं सांगतो, कारण आपल्याकडची पोरं तिथेच अडकतात. ओबीसीचा दाखला राज्याचा आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस, केंद्राच्या नमुन्यातला वेगळा काढावा लागतो. तहसीलला मी उद्याच जातो, तू आधार आणि टीसीची प्रत पाठव. दहावीच्या सनदेवर नावाचं जे स्पेलिंग आहे तेच अर्जात घाल, काना-मात्रेचाही फरक नको.

आक्का म्हणते, शेतकऱ्याच्या पोरीने अणूच्या नादी कशाला लागायचं. तिला विचार, आपण दरसाल पेरतो तो टीएयू-१ उडीद कुठला? १९८५ चं ते वाण तुर्भ्याच्या भाभा केंद्राच्याच शास्त्रज्ञांनी अकोल्याच्या कृषी विद्यापीठाबरोबर काढलं, आणि त्याचं एक मूळ गॅमा किरणांनी बदललेल्या बियाण्यात आहे. त्याच उडदाच्या पापडांची पिशवी सोबत पाठवतोय.

दुसरा मसुदा गुरुवारपर्यंत पाठव. फुगण्याचं मोजायचं असेल तर डबा घेऊन ये. विहिरीजवळच्या पट्टीतली माती काढून वाळत घालतो.

तुझा
मामा