पोथीवर पीएच.डी. करायची म्हणजे?

“पोथ्यांवर पीएच.डी.? म्हणजे पुढे भिक्षुकी करायची की प्राध्यापकी?” बँकेतून निवृत्त झालेल्या एका बाबांनी मला विचारलं. शेजारी त्यांची लेक मान खाली घालून बसली होती. एम.ए. मराठीचं शेवटचं वर्ष. हाताने लिहिलेल्या पोथीचं छापील पुस्तक कसं झालं, यावर तिला संशोधन करायचंय.

विषय भिक्षुकीचा नाही, पोथी छापखान्यात गेली त्या प्रवासाचा आहे. विल्यम केरी यांचं मराठी व्याकरण १८०५ मध्ये श्रीरामपूरला छापलं गेलं (नगर जिल्ह्यातलं नव्हे, बंगालमधलं) ते देवनागरीत. त्यांचा १८१०चा मराठी कोश मात्र मोडी टायपात. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली पंचांग छापलं ते शिळाप्रेसवर. शिळाछापात लेखनिकाची सुट्टी होत नाही. त्याने तेलकट शाईनं लिहायचं, ते अक्षर दगडावर उतरवायचं आणि दगडावरून प्रती काढायच्या. त्यामुळे शिळाछापातल्या कितीतरी पोथ्या दिसायला जुन्यासारख्याच राहिल्या, आडव्या आणि सुट्या पानांच्या. तरी सोवळ्यातली मंडळी बिचकायची. शाईत चरबी असेल, ही शंका. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४५ मध्ये ज्ञानेश्वरी शिळाछापावर काढली. तिच्या हाती लिहिलेल्या प्रती गावोगाव वेगळ्या होत्या. छापल्यावर त्यातला कुठला पाठ घरोघर गेला आणि कुठला बासनातच राहिला? प्रबंध अशा प्रश्नातून उभा राहतो.

आता शिक्षणाचं. विद्यापीठाच्या कोर्सवर्कमध्ये संशोधनपद्धती शिकवतात, पण पोथी वाचायला बहुतेक ठिकाणी स्वतःच शिकावं लागतं. मोडी यायला हवी, कामापुरतं संस्कृत हवं, पेशवाईच्या कागदांत शिरायचं तर फारसी शब्दांची ओळख हवी. वेगवेगळ्या प्रतींतले पाठ ताडून पाहायचे, म्हणजेच पाठचिकित्सा, कशी करतात हे पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीची चार पानं तळटीपांसकट वाचली की कळतं. ते काम १९१९ ते १९६६ चाललं होतं.

मी त्या मुलीला फोनवर एका पोथीच्या पानाचा फोटो दाखवला. मधल्या ओळीत पिवळा डाग होता. “पूजेची हळद सांडली असेल,” ती म्हणाली. हळद नव्हे, हरताळ. लेखनिक चुकला की चुकीच्या अक्षरावर हा पिवळा लेप द्यायचा आणि वर पुन्हा लिहायचा. बाबा एकदम पुढे सरकले. “नियमाला हरताळ फासला म्हणतो आपण, तो हाच?” तोच. छापखान्यात ही सोय गेली आणि पुस्तकाला शुद्धिपत्र जोडायची वेळ आली.

पैशाचं बोलू. नेट परीक्षेतून जेआरएफ ही फेलोशिप मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,०००. पीएच.डी.ला किमान तीन वर्षं धरा, या विषयाला पाच. फेलोशिप नसेल तर माझा सल्ला कडक आहे: घरच्या पैशावर पाच वर्षं काढू नका, आधी नेट द्या. प्राध्यापकाच्या जागा थोड्या आहेत, हे मी लपवणार नाही. पण पुराभिलेखागारं, ग्रंथालयं, डिजिटायझेशनचे प्रकल्प, संपादन इथे हे कौशल्य चालतं. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची सरकारी कचेऱ्यांत किती शोधाशोध झाली, आठवतं ना? केंद्राच्या २०२५च्या अर्थसंकल्पात ‘ज्ञान भारतम्’ अभियान आलं, त्यात एक कोटीहून जास्त हस्तलिखितांच्या नोंदी घ्यायचं ठरलं आहे. परदेशात जायचं मनात असेल तर हॅम्बुर्ग विद्यापीठात हस्तलिखित संस्कृतींच्या अभ्यासाचं स्वतंत्र केंद्र आहे. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातही मराठी हस्तलिखितं आहेत. तिथे एक फेरी आधी मारा.

मार्गदर्शक निवडताना त्यांचं पद पाहू नका. त्यांनी स्वतः एखादी तरी पोथी संपादित केली आहे का, एवढंच विचारा. आणि नोंदणीआधी सहा महिने एकाच पोथीशी बसा: पानं मोजा, पुष्पिका (शेवटी लेखनिकाने लिहिलेला मजकूर) वाचा, मग त्याच ग्रंथाची पहिली छापील प्रत शेजारी ठेवून ओळ-ओळ ताडा. तिसऱ्या आठवड्यात कंटाळा आला तर विषय बदला. त्यात काही कमीपणा नाही, पाच वर्षं वाचतील.

मुलगी हे सगळं वहीत उतरवून घेत होती. बाबा मात्र बराच वेळ गप्प होते. उठताना म्हणाले, “आमच्या आजोबांच्या ट्रंकेत मोडी कागदांचं एक गाठोडं आहे. कुणालाच वाचता येत नाही. एखाद्या मोडीच्या वर्गात आम्हा दोघांना प्रवेश मिळेल का हो?”