दूरध्वनी व संगणक-जाल : काही उपयुक्त संज्ञा

पिरनवाडीसारख्या गावात आज शेताचा उतारा, शिष्यवृत्तीचा अर्ज, रेशन व बँक यांची बरीचशी कामे संगणक-जालावर अवलंबून आहेत. काम अडले की ‘सर्व्हर डाऊन’ एवढेच उत्तर मिळते आणि ग्रामस्थास हेलपाटा पडतो. दोष नेमका कोठे आहे हे ओळखण्यासाठी पुढील संज्ञा समजून घेणे अगत्याचे आहे.

दूरध्वनी केंद्र : घरोघरच्या तारा जेथे एकत्र येतात व परस्परांस जोडल्या जातात ते ठिकाण. पूर्वी ही जोडणी हाताने करीत. सी-डॉट या संस्थेने विकसित केलेले, वातानुकूलनाची गरज नसलेले ग्रामीण स्वयंचलित केंद्र जुलै १९८६ मध्ये बेळगाव जिल्ह्यातच, कित्तूर येथे प्रथम सुरू झाले.

संकेतांक : स्थिर दूरध्वनी कोणत्या भागातील आहे हे दर्शविणारा क्रमांक. उदाहरणार्थ, बेळगाव ०८३१, निपाणी ०८३३८, कोल्हापूर ०२३१. जालावरील संगणकासही असाच क्रमांक असतो; त्यास आयपी पत्ता म्हणतात.

पॅकेट : जुन्या दूरध्वनी पद्धतीत संभाषण संपेपर्यंत एक मार्ग दोघांसाठीच राखून ठेवला जाई. संगणक-जालात संदेशाचे लहान तुकडे करून प्रत्येकावर पत्ता घातला जातो. त्यामुळे एका रस्त्यावरून अनेक गावांच्या गाड्या जाव्यात, तसे अनेकांचे संदेश एकाच मार्गाने जातात.

राउटर : या तुकड्यांना योग्य वाट दाखविणारे यंत्र.

ऑप्टिकल फायबर : प्रकाशाच्या रूपाने संदेश वाहून नेणारा काचेचा बारीक तंतू.

बँडविड्थ : मार्गाची रुंदी, अर्थात एका वेळी किती माहिती जाऊ शकते त्याचे माप.

सर्व्हर : माहिती साठवून मागणीनुसार पुरविणारा संगणक. तो बहुधा दूरच्या शहरी असतो.

आता दोष कसा ओळखावा? एकाच घरी वा कार्यालयात जाल बंद असेल, तर तेथील जोडणी अथवा राउटर तपासावा. सर्व गावात बंद असेल, तर बाहेरील फायबर तुटल्याचा संभव असतो. सेवा पुरविणाऱ्या कंपनीस कळवावे. इतर संकेतस्थळे चालतात, परंतु एकच काम अडते, तेव्हा दोष बहुधा सर्व्हरचा असतो. अशा वेळी संबंधित खात्याकडेच तक्रार करावी.

तक्रारीत दिनांक, वेळ व पडद्यावर उमटलेला मजकूर अवश्य लिहावा. ‘जाल बंद आहे’ एवढ्याने दुरुस्ती करणाऱ्यास काहीच कळत नाही. शिक्षकांनी या संज्ञा वर्गात समजावून दिल्यास मुलांमार्फत त्या घरोघरी पोहोचतील.