जत्रेतील तांबडा रंग

देवस्थानच्या जत्रेत मुलांची पावले अलीकडे खाज्यांच्या दुकानांपेक्षा गोबी मंचुरियनच्या गाड्यांकडे अधिक वळतात, हे आपण सर्वजण पाहतो. त्या पदार्थाचा भडक तांबडा रंग हेच त्याचे मोठे आकर्षण होय. हा रंग येतो कोठून व शरीरात जाऊन करतो काय, याचा थोडा विचार आम्ही येथे योजिला आहे.

गोव्यात हा प्रश्न जत्रांतूनच पुढे आला. २०२२ साली वास्को येथील श्री दामोदर सप्ताहाच्या फेरीत अशा गाड्यांवर निर्बंध घालण्याची सूचना अन्न व औषध प्रशासनाने मुरगाव नगरपालिकेस केली. २०२४ च्या आरंभी, श्री बोडगेश्वराच्या जत्रेच्या निमित्ताने, म्हापसा नगरपालिकेने तर गाड्यांवर बंदीच घातली. त्याच वर्षी मार्चमध्ये कर्नाटक सरकारने गोबी मंचुरियन व 'म्हातारीचे केस' यांत कृत्रिम रंग घालण्यास मनाई केली. तेथे तपासलेल्या गोबीच्या १७१ नमुन्यांपैकी १०७ व म्हातारीच्या केसांच्या २५ पैकी १५ नमुन्यांत अपायकारक ठरविलेले रंग आढळले होते.

तथापि सर्वच रंगांस एका मापाने मोजणे न्याय्य नव्हे. टार्ट्राझिन, सनसेट यलो आदी मोजक्या कृत्रिम रंगांस आपल्या नियमांत मुभा आहे. परंतु ती मिठाई, आइस्क्रीम, बिस्किटे अशा ठराविक पदार्थांपुरती, व सामान्यतः एका किलोस १०० मिलिग्रॅमच्या आत. गाडीवरचा कारागीर रंग तोलून घालतो काय? तो चिमटीने घालतो, आणि गिऱ्हाइकाचा डोळा तृप्त होईपर्यंत घालतो. रोडामाइन-बी व मेटॅनिल यलो यांची गोष्ट निराळीच. पहिला म्हातारीच्या केसांत, दुसरा जिलबी, लाडू व हळदीत सापडतो. हे कारखान्यांतील रंग. अन्नात त्यांस अणुमात्र परवानगी नाही.

मुभा असलेल्या रंगांविषयीही सावधगिरी अनाठायी नाही. टार्ट्राझिनमुळे काही व्यक्तींच्या अंगावर पित्ताच्या गांधी उठतात, क्वचित दम्याची उबळ येते. २००७ साली साउथॅम्प्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी ३ वर्षांच्या आणि ८-९ वर्षांच्या मुलांस अशा रंगांचे व सोडियम बेंझोएटचे मिश्रण पेयातून देऊन पाहिले, तेव्हा अनेकांची चंचलता वाढलेली दिसली. परिणाम सर्वांवर सारखा नव्हता, हेही सांगितले पाहिजे. युरोपात जुलै २०१० पासून अशा सहा रंगांच्या खाद्यवेष्टनावर मुलांविषयीचा इशारा छापावा लागतो. आपल्याकडील वेष्टनावर १०२ हा अंक दिसला तर तो टार्ट्राझिन व ११० म्हणजे सनसेट यलो, एवढे माताभगिनींनी ध्यानात ठेवावे.

वास्तविक रंगाची हौस आपल्या स्वयंपाकास नवी नाही. ब्याडगी मिरची तिखटास कमी व रंगास गडद. सोलकढीस गुलाबी छटा आमसुलानेच येते. मात्र ब्याडगीस पैसे पडतात, आणि डबीतला रंग स्वस्त असतो. दोष एकट्या गाडीवाल्याचा नव्हे. फिकट गोबी आपणच परत करतो.

घरची हळद पारखण्याची एक सोपी रीत आहे. पेल्यातील पाण्यात चमचाभर हळद टाकून न ढवळता ठेवावी. शुद्ध हळद तळाशी बसताना पाण्यास फिकी पिवळी झाक देते. रंग मिसळलेली असल्यास पाणी गडद पिवळे होते. जत्रेतील पदार्थांची अशी घरगुती परीक्षा नाही. म्हणून गाड्यांस जागा नेमून देतानाच 'कृत्रिम रंग वापरणार नाही' अशी अट लेखी घ्यावी, असे आम्ही देवस्थान समित्यांस सुचवितो.